इटलीच्या गावांतील साग्रा : कोणती निवडावी, तेथे जेवावे कसे आणि शाकाहारी पाहुण्यांनी काय विचारावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आपले कुटुंब फ्लॉरेन्स आणि रोम येथे मुक्कामाला असेल, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आहेत, अंडी आणि दूध चालते पण मांस-मासे चालत नाहीत, आणि संग्रहालयांच्या रांगांतून एखादा दिवस काढून खेड्यातील हंगामी खाद्यजत्रा, म्हणजे ‘साग्रा’, पाहायची इच्छा आहे. त्यासाठी वायव्य इटलीतील अल्बा येथील ट्रफलच्या, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी अळंबीच्या, प्रसिद्ध जत्रेपर्यंत मार्ग वळवावा का, असेही आपण विचारले आहे. मध्य इटलीत मराठी कुटुंबांच्या सहली आखण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देत आहे. अल्बासाठी मार्ग वळवू नये. फ्लॉरेन्सच्या मुक्कामात इम्प्रुनेता किंवा मार्रादी आणि रोमच्या मुक्कामात मारिनो या गावांच्या जत्रांसाठी, असे दोन रविवार मोकळे ठेवावेत. निवड करताना प्रसिद्धीपेक्षा एकच गोष्ट पाहावी, ती म्हणजे त्या गावाच्या शिवारात जे पिकते तेच, ते पिकते त्याच महिन्यात, त्या गावची माणसे शिजवून वाढत आहेत का.

साग्रा ही व्यापारी खाद्यपदार्थांची बाजारपेठ नाही, हे आधी लक्षात घ्यावे. बहुतेक ठिकाणी ती ‘प्रो लोको’ नावाची गावची स्वयंसेवी संस्था भरवते. अशी पहिली संस्था 1881 मध्ये त्रेन्तिनो प्रांतातील प्येवे तेसीनो या गावात स्थापन झाली. आज देशभरात अशा सहा हजारांहून अधिक संस्था आहेत आणि 1962 पासून त्यांचा राष्ट्रीय महासंघही आहे. प्रो लोको नसेल तेथे चर्चची समिती, फुटबॉल संघ किंवा गावचे वाद्यपथक हे काम अंगावर घेते. स्वयंपाकघरात निवृत्त झालेल्या स्त्रिया आणि पुरुष, वाढायला शाळा-महाविद्यालयातील मुले, गल्ल्यावर गावातला एखादा हिशेबनीस, अशी ती रचना असते. उरलेल्या पैशातून मैदानाचे दिवे, वाद्यपथकाचे गणवेश, नाताळची रोषणाई किंवा चर्चच्या छपराची डागडुजी होते. आपल्याकडील गावजत्रेच्या महाप्रसादामागे जी कामाची वाटणी असते, तिच्याशी हे फार जुळते. फरक एवढाच की येथे ताटाचे पैसे द्यावे लागतात आणि त्या पैशांसाठीच हा खटाटोप असतो. म्हणून पानात पडलेल्या पदार्थाची उपाहारगृहाच्या मापाने परीक्षा करू नये.

या जत्रा मध्ययुगापासून अखंड चालत आल्या आहेत, अशी समजूत माहितीपत्रके पसरवतात. ग्रामदैवत असलेल्या संताचा सण आणि सुगीचा आनंद ही मुळे खरोखर जुनी आहेत, परंतु आज आपण पाहतो ती साग्रा बऱ्याच अंशी विसाव्या शतकाची आहे. नेमी येथील स्ट्रॉबेरीची साग्रा 1922 ची, मारिनो येथील द्राक्षांची 1925 ची, इम्प्रुनेता येथील द्राक्षोत्सव 1926 चा. त्यानंतर 1930 मध्ये फॅसिस्ट राजवटीने द्राक्षांचा खप वाढवण्यासाठी राष्ट्रीय द्राक्षोत्सव जाहीर केला आणि सरकारी आश्रयाखाली गावोगाव मिरवणुका सुरू झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी एक लाट आली : अरिच्चा येथील भाजलेल्या डुकराची आणि लादीस्पोली येथील आर्टिचोक या भाजीची साग्रा 1950 ची, तर कामोल्यी येथील माशांची 1952 ची. शंभर वर्षांचे वय कमी नाही, आणि एखाद्या जत्रेचा जन्म बाजारपेठेच्या गरजेतून झाला म्हणून ती खोटी ठरत नाही. ‘हीच जत्रा याच गावात का’ या प्रश्नाला गावकऱ्यांकडे उत्तर असले, म्हणजे झाले.

ते उत्तर नसलेल्या जत्राही भरपूर आहेत, विशेषतः ऑगस्टमध्ये, जेव्हा सारा देश सुट्टीवर असतो. समुद्रापासून दूर डोंगरातील गावी गोठवलेल्या माशांची जत्रा भरते, किंवा पाऊस न झालेल्या वर्षी बाहेरून आणलेल्या पोर्चिनी अळंब्या रानातल्या म्हणून वाढल्या जातात. उपाहारगृहांच्या संघटना अशा जत्रांविरुद्ध दीर्घकाळ तक्रार करीत आल्या आहेत आणि ती तक्रार मला रास्त वाटते, कारण वर्षभर कर भरून चालवलेल्या खानावळीच्या शेजारी सवलतीच्या नियमांवर चाललेला असा मांडव उभा राहतो. खऱ्या जत्रेची पारख तिच्या भित्तिपत्रकावर होते. आयोजक कोण आहे, पिकाचे नाव गावाच्या किंवा खोऱ्याच्या नावासह दिले आहे का, जत्रेचे हे कितवे वर्ष आहे आणि ती पिकाच्या हंगामात आहे का, एवढे पाहावे. महासंघाने अलीकडच्या वर्षांत ‘दर्जेदार साग्रा’ असे एक मानचिन्हही सुरू केले आहे. ते असल्यास चांगलेच, परंतु नसल्यास जत्रा वाईट असे समजू नये, कारण लहान गावे अर्ज करण्याच्या फंदात पडत नाहीत.

हंगामाचा विचार किती काटेकोरपणे करावा लागतो याचे सिसिलीतील ब्रोन्ते हे चांगले उदाहरण आहे. एटना ज्वालामुखीच्या उतारावरील लाव्हाच्या खडकांत तेथील पिस्त्याची झाडे वाढतात आणि त्यांची तोडणी परंपरेने एक वर्ष सोडून, विषम वर्षी होते. मधल्या वर्षी शेतकरी कळ्या खुडून टाकतात आणि झाडाला विश्रांती देतात. जत्रा मात्र सम वर्षीही भरते. तिला विषम वर्षी जाणारा पाहुणा ताजे पीक पाहतो. सम वर्षी जाणाऱ्याने साठवणीतले पिस्ते चाखण्याची तयारी ठेवावी.

आता अल्बाविषयी. प्येमोन्ते प्रांतातील ही पांढऱ्या ट्रफलची जत्रा 1920 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. ती ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत शनिवार-रविवारी असते आणि तिच्यातील ट्रफल बाजाराला प्रवेशशुल्क लागते. बाजारात विक्रीला येणारा प्रत्येक ट्रफल प्रशिक्षित परीक्षक हाताळून आणि हुंगून पाहतात, ही व्यवस्था उत्तम आहे. कुत्र्यासह रानात फिरून ट्रफल शोधण्याच्या इटालियन ज्ञानपरंपरेला युनेस्कोने 2021 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले आहे. हे सर्व खरे असले, तरी अल्बा ही व्यापारी जत्रा आहे. पांढरा ट्रफल किलोला हजारो युरोंच्या भावाने विकला जातो आणि ताटावर किसून देताना तो ग्रॅमवर मोजतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीचा माल नोव्हेंबरच्या मालाइतका सुगंधी नसतो, असा तेथील जाणकारांचा कल आहे. फ्लॉरेन्सहून तेथे जाण्या-येण्यात वयस्क माणसांचे दोन दिवस प्रवासातच जातील. ट्रफल चाखायचाच असेल, तर फ्लॉरेन्समधील एखाद्या चांगल्या खानावळीत लोणी लावलेल्या ताज्या पास्त्यावर तो मागवावा, मात्र भाव आधी विचारून घ्यावा.

त्याऐवजी मी मार्रादीचा आग्रह धरीन. हे गाव फ्लॉरेन्सच्या ईशान्येस आपेनाईन पर्वताच्या पलीकडच्या उतारावर, लामोने नदीच्या खोऱ्यात आहे. प्रशासकीय दृष्ट्या ते तोस्कानात, म्हणजे फ्लॉरेन्सच्याच प्रांतात मोडते, परंतु चालीरीतींवर शेजारच्या रोमान्या भागाची छाप आहे. ऑक्टोबरमधील रविवारी तेथे चेस्टनट या कठीण सालीच्या, पिठूळ गोडसर फळाची साग्रा भरते. फ्लॉरेन्स ते फाएन्त्सा या डोंगरी रेल्वेमार्गावर गावाचे स्थानक असल्याने मोटार भाड्याने घेण्याची गरज पडत नाही. काही रविवारी या जत्रेसाठी वाफेच्या इंजिनाची खास गाडीही सोडली जाते; तिची तिकिटे फार आधी संपतात. अतिवृष्टी आणि दरडींमुळे हा मार्ग अलीकडच्या वर्षांत अधूनमधून बंद राहिला आहे, म्हणून आदल्या दिवशी गाडी खात्रीने धावणार आहे ना, हे अवश्य पाहावे.

चेस्टनटला या डोंगरांत ‘भाकरीचे झाड’ म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. गहू नीट येत नसलेल्या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसे या फळावर जगली. ऑक्टोबरमध्ये फळे वेचून दगडी कोठीत पसरली जात आणि खाली कित्येक आठवडे मंद विस्तव ठेवून ती वाळवली जात. मग साल काढून, दळून त्यांचे गोडसर पीठ वर्षभर पुरवले जाई. युद्धानंतर माणसे खाली शहरांत गेली आणि बागा ओस पडल्या. पुढे 2002 मध्ये प्येमोन्तेतील कूनेओ परिसरात पूर्व आशियातून आलेल्या, कळ्यांवर गाठी निर्माण करणाऱ्या एका गांधीलमाशीचा शोध लागला आणि काही वर्षांत ती देशभर पसरून उत्पादन कोसळले. तिच्यावर उतारा म्हणून तिचाच नैसर्गिक शत्रू असलेला परजीवी कीटक सोडण्यात आला, आणि हळूहळू झाडे सावरली. मुजेल्लो परिसरातील ‘मार्रोने’ या जातीला 1996 पासून युरोपीय भौगोलिक मानांकन आहे. तिची आतली पातळ साल गरात शिरत नाही, त्यामुळे फळ अखंड सोलले जाते. ही सगळी हकिगत ठाऊक असली, म्हणजे जत्रेत भोके पाडलेल्या मोठ्या लोखंडी कढयांत चेस्टनट भाजणाऱ्या माणसांकडे पाहताना त्यांच्या पाठीमागचा डोंगरही दिसू लागतो.

मार्रादीची आणखी एक सोय म्हणजे तेथील बरेचसे पदार्थ आपल्याला चालणारे असतात. भाजलेले चेस्टनट आणि उकडलेले चेस्टनट यांत शंकेला जागाच नाही. कास्तान्याच्चो हा पातळ थापून भाजलेला पदार्थ चेस्टनटचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, पाइनची बी, बेदाणे आणि रोझमेरी यांचा असतो. त्यात साखर घालत नाहीत, त्यामुळे पहिल्या घासाला तो विचित्र लागण्याची शक्यता आहे, पण थोडा धीर धरावा. चेस्टनटचा केक आणि मुरंबा घरी नेण्यासारखे असतात. चेस्टनटचे सारण भरलेल्या पास्त्यावर मात्र काय घातले आहे ते विचारावे, आणि लोणी व सेज ही सुगंधी पाने यांच्यासह मिळत असेल तर तोच घ्यावा.

इम्प्रुनेता फ्लॉरेन्सपासून बसच्या अंतरावर आहे आणि तिचा द्राक्षोत्सव सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी असतो. गावच्या चार पेठा महिनोन्‌महिने खपून अवाढव्य चित्ररथ बांधतात आणि चौकात त्यांची स्पर्धा होते. येथे खाण्यापेक्षा पाहणे मोठे आहे. काळी द्राक्षे दाबून भाजलेली गोड पोळी, जी तोस्कानात द्राक्षांच्या हंगामातच मिळते, ती मात्र चुकवू नये. गावचा प्रसिद्ध पदार्थ मिरी घातलेले मांस आहे, म्हणून जेवणाची व्यवस्था वेगळी ठेवावी.

रोमच्या दक्षिणेकडील टेकड्यांतील मारिनोची साग्रा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असते. रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून निघणाऱ्या लोकल गाडीने तेथे पोहोचता येते. 1571 मध्ये लेपान्तो येथे ऑटोमन आरमाराचा पराभव झाला, त्या लढाईत पोपच्या आरमाराचा सेनापती असलेला मार्कान्तोनिओ कोलोन्ना हा या गावचा जहागीरदार होता. त्याच्या विजयी पुनरागमनाची वेशभूषेतील मिरवणूक निघते. त्याच दिवशी जपमाळेच्या मातेचा, म्हणजे मेरीमातेचा, धार्मिक उत्सवही असतो, आणि संध्याकाळकडे गावच्या कारंज्यातून पाण्याऐवजी स्थानिक पांढरी वाइन वाहू लागते. 2008 मध्ये नळजोडणीत चूक होऊन ती वाइन कारंज्याऐवजी काही घरांच्या नळांना आली होती. गावकरी ती आठवण आजही आनंदाने सांगतात. कारंज्याभोवतीची गर्दी मात्र फार दाट असते. आई-वडिलांना मिरवणूक दाखवावी, द्राक्षाच्या ताज्या रसात मळलेले कड्याच्या आकाराचे गोड पाव खाऊ घालावेत आणि वाइन वाहू लागण्यापूर्वी परतीची गाडी पकडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जेवणाची पद्धत सर्वत्र जवळपास सारखी असते. संध्याकाळची स्वयंपाकघरे सात-साडेसातला सुरू होतात आणि रविवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास जेवण असते. मधल्या वेळी गेल्यास केवळ भाजलेले पदार्थ आणि गोड मिळेल. प्रथम मांडवातील जागा पकडून टेबलाचा क्रमांक पाहावा, मग प्रवेशाशी ठेवलेला छापील कागद आणि पेन्सिल घेऊन हव्या त्या पदार्थांपुढे संख्या लिहावी. तो कागद गल्ल्यावर देऊन पैसे भरावेत. मिळालेली पावती घेऊन टेबलावर बसल्यावर मुले पदार्थ आणून देतात, किंवा क्रमांक पुकारल्यावर आपणच खिडकीशी जायचे असते. पहिल्यांदाच सर्व मागवून टाकावे, कारण एखादा पदार्थ वाढवायचा तर पुन्हा तीच रांग लावावी लागते. लांब बाकांवर अनोळखी कुटुंबांच्या शेजारी बसणे हा या जेवणाचा भागच आहे. गर्दीच्या रविवारी आठनंतर मुख्य पदार्थ संपून जातो, म्हणून उघडण्याच्या वेळेलाच पोहोचावे. पत्र्याच्या गल्ल्यावर कार्डाचे यंत्र असेलच असे नाही. लहान नोटा जवळ ठेवाव्यात.

शाकाहाराबाबत थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या लोकांची फसगत येथेच होते आणि त्यात वाढणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढे म्हटल्याने काम भागत नाही. पुष्कळ वृद्ध स्वयंपाकिणींच्या दृष्टीने मांस म्हणजे मांसाचा तुकडा. सॉसमध्ये परतलेले पान्चेत्ता किंवा वर पेरलेले प्रोश्युत्तो, म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, त्यांच्या लेखी चवीपुरते असते. म्हणून ‘सेन्झा कार्ने, सेन्झा प्रोश्युत्तो, सेन्झा पान्चेत्ता, सेन्झा पेशे (मासे नकोत)’ असे सगळे म्हणावे. दुसरा प्रश्न पाण्याचा : रिसोत्तो हा भाताचा पदार्थ आणि सूप ‘ब्रोदो दी कार्ने’, म्हणजे मांस उकळून काढलेल्या पाण्यात शिजवले आहे का. पांढऱ्या घेवड्यांची उसळ साधी दिसते, पण तीत डुकराची कातडी असू शकते. तिसरा प्रश्न ‘स्त्रुत्तो’चा, म्हणजे डुकराच्या चरबीचा. एमिलिया आणि रोमान्या भागांतील ञोक्को हा तळलेला पिठाचा पदार्थ परंपरेने तिच्यात तळतात आणि प्यादीना या पोळीच्या पिठातही ती असते. प्येमोन्ते भागात भाज्या बुडवून खाण्याची ‘बान्या काउदा’ पूर्ण शाकाहारी वाटते, परंतु ती अँचोव्ही माशांची असते.

युरोपीय नियमानुसार प्रत्येक मांडवात 14 प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती उपलब्ध ठेवावी लागते. मासे, अंडी, दूध, सुका मेवा यांसाठी तो तक्ता उपयोगी आहे, पण मांस आणि चरबी त्या चौदांत येत नाहीत, त्यामुळे तक्ता पाहून पदार्थ शाकाहारी आहे असे ठरवू नये. चीजबाबत घरात कडक नियम असेल, तर पार्मिजानो रेज्जानो आणि पेकोरीनो रोमानो या चीजमध्ये जनावराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा घटक, असतो हे जाणून असावे. तोस्कानातील काही पेकोरीनो मात्र वनस्पतिजन्य रेनेटने बनवतात, आणि विक्रेता तसे सांगतो. सर्वांत चांगला उपाय म्हणजे जी जत्राच भाजीची किंवा फळाची आहे ती निवडणे. आपला प्रवास दोन आठवडे आधीचा असता, तर उंब्रियातील कान्नारा गावच्या कांद्याच्या जत्रेला मी नक्की पाठवले असते. सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या त्या जत्रेत कांद्याचे सूप, कांदा थापलेली पोळी आणि कांद्याचे गोड पदार्थसुद्धा असतात; आपल्याकडच्या चवीला इतकी जवळची दुसरी जत्रा मला माहीत नाही. तेथेही सूप कशात शिजवले, हे विचारावेच.

आई-वडिलांसाठी काही व्यावहारिक सूचना. बाकांना पाठ नसते. भिंतीलगतची जागा मागितल्यास स्वयंसेवक आनंदाने देतात. जुन्या गावांतील रस्ते चढाचे आणि दगडी असतात, म्हणून पकड असलेली पादत्राणे हवीत. ऑक्टोबरच्या संध्याकाळी डोंगरात तापमान झपाट्याने उतरते आणि मांडवाच्या बाजू उघड्या असतात, तेव्हा शाल जवळ असावी. जून 2017 मध्ये तोरिनो येथील चौकात फुटबॉल सामना पाहणाऱ्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली, तेव्हापासून सार्वजनिक कार्यक्रमांचे सुरक्षानियम कडक झाले आहेत. अडथळे, रुग्णवाहिका आणि प्रशिक्षित माणसे यांचा खर्च लहान गावांना फार जड जातो आणि काही जत्रा त्यामुळे बंदही पडल्या. पाहुण्यांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की गाडी गावाबाहेर ठेवून फिरत्या बसने आत यावे लागते आणि ठरलेल्या वाटेनेच चालावे लागते. त्याबद्दल स्वयंसेवकांशी वाद घालू नये; नियम त्यांनी केलेले नाहीत, ते पाळण्यासाठी त्यांनी स्वतःची सुट्टी दिलेली आहे.

संतांच्या मूर्तीची मिरवणूक समोरून आली, तर बाजूला उभे राहावे, टोपी काढावी आणि मूर्ती जाईपर्यंत खाणे थांबवावे. छायाचित्रे काढण्यास हरकत नसते, मात्र मूर्ती वाहणाऱ्यांच्या वाटेत जाऊ नये.

तारखांबाबत एक सावधगिरी बाळगावी. पहिला रविवार, शेवटचा रविवार हे संकेत बहुधा पाळले जातात, पण पीक उशिरा आले, निवडणूक आली किंवा पावसाचा इशारा मिळाला की जत्रा आठवडाभर पुढे जाते. सविस्तर कार्यक्रम अनेकदा जेमतेम दोन-तीन आठवडे आधी जाहीर होतो. म्हणून विमानाची तिकिटे जत्रेवर अवलंबून ठेवू नयेत. दोन्ही शहरांतील रविवार मोकळे ठेवून, गावच्या नगरपालिकेच्या आणि प्रो लोकोच्या पानावर आदल्या सोमवारी खात्री करून घ्यावी, आणि रेल्वेचे परतीचे वेळापत्रक रविवारचेच आहे ना, हेही त्याच वेळी तपासावे, कारण डोंगरी मार्गांवर सुट्टीच्या दिवशी शेवटची गाडी अपेक्षेपेक्षा बरीच लवकर सुटते.